एका दुपारपुरतं भोजनालय

ताडोबाच्या सफारीचं बुकिंग काही मिळेना, तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या प्रशांतला फोन लावला. प्रशांत माझा हॉस्टेलमधला मित्र, आता तिथल्या कॉलेजात शिकवतो. "वाघाचं सोड," तो म्हणाला. "इकडं ये, बारमध्ये बसू." पुण्याहून एवढ्या लांब बारमध्ये बसायला जातोय, हे घरी सांगणं कठीण. 'वैनगंगेकाठचं लोकजीवन' असं भारदस्त नाव दिलं आणि निघालो.

जाणार असाल तर नागपूरहून सकाळची एसटी धरा. उमरेड, भिवापूर, नागभीड करत गाडी जाते. नागभीडनंतर बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांतला, धान आणि मधूनमधून तलाव. रस्ता बरा आहे, पण भिवापूरचा चहा टाळा. लॉज स्वस्त आहेत. फक्त खोलीतला पंखा चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बंडूभाऊंचा बार स्टँडपासून पायी जाण्यासारखा. सहा टेबलं, गुरगुरणारा कूलर आणि झिंग्यांची अशी चटणी की तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथं दारूबंदी. ब्रह्मपुरीत दवाखाने भरपूर, त्यामुळे पलीकडच्या मंडळींना आजारही भरपूर होतात. वडशाचे गणेशभाऊ बरीच वर्षं गुडघा दाखवायला येतात. गुडघा तसाच आहे, पण परत जाताना चेहऱ्यावर आराम दिसतो.

मध्यावरच्या टेबलावर निवृत्त गुरुजी. ते देशाचं परराष्ट्र धोरण ठरवतात, बाकीचे चणे खात मान डोलावतात. मध्यंतरी काही वर्षं इकडे, चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी होती. तेव्हा कसं केलंत, असं मी विचारलं.

"पेत नव्हतो असं नाई," गुरुजी म्हणाले. "पण बसत नव्हतो. घरी मोरीत उभं राहून पेणं म्हणजे काय जिंदगी हाय का, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर बंडूभाऊ गल्ला सोडून गुरुजींच्या टेबलावर डोकं धरून बसलेले. त्यांची मुलगी रोशनी इथल्याच दवाखान्यात नर्स. वडशाच्या एका शिक्षक मुलाशी तिचं जमलं होतं, दोघांनी आपणच जमवलं होतं. पण बोलणी करायला घातलेल्या मध्यस्थानं मुलाच्या आईला सांगितलं होतं की मुलीच्या वडिलांचं भोजनालय आहे. आई यशोदाबाई गावातल्या दारूबंदीच्या चळवळीत पुढं. आणि त्यांचा निरोप आला होता: उद्या दुपारी येतो, जेवण तुमच्याच भोजनालयात करू.

"सोयरीक तुटते आता," बंडूभाऊ म्हणाले. "पोरगी मले माफ नाई करणार."

"काऊन तुटते?" गुरुजी उठले. "आमी हाओत नं!"

सकाळी बाटल्या तांदळाच्या पोत्यांमागे गेल्या. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' असं फडकं चढलं. मला भूमिका मिळाली पुण्याच्या पाहुण्याची, जो रोज इथंच जेवतो. रोज पुण्याहून येतो कसा, हा प्रश्न समितीत कुणाला पडला नाही.

यशोदाबाई मुलाला घेऊन आल्या. उंच, काटक बाई, बोलणं कमी. आम्ही सगळे वरणभातासमोर बसलो होतो आणि पाण्याच्या ग्लासांकडे असे बघत होतो, जणू कुणीतरी जवळचं गेलंय. स्वयंपाकी कवडूनं बाईंसमोर ताट ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "सोडा देऊ का साधं पाणी?"

"भोजनालयात सोडा काऊन?" बाईंनी विचारलं.

"पोटासाठी, बाई," गुरुजी घाईनं म्हणाले. "भात खाऊन गॅस होते."

मागून गणेशभाऊंनी मोठ्यांदा ढेकर दिली. पुरावा म्हणून असावी.

तेवढ्यात रोशनी ड्यूटीवरून सरळ आली. तिला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. फडकं तिनं बाहेरच पाहिलं होतं.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?" मग ती यशोदाबाईंकडे वळली. "काकू, हा बार आहे. याच्याच पैशावर मी शिकली. तुमच्या पोराले मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मुलगा ताटातला भात मोजायला लागला.

यशोदाबाईंनी हात धुतले. "मले दारूचा राग हाय," त्या बंडूभाऊंना म्हणाल्या. "माहा नवरा तिच्यातच गेला. अन् तुमी इतके जण मिळून एका बाईले फसवाले बसले, ते बी कोणाले धड जमलं नाई." रोशनीजवळ क्षणभर थांबल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. हा होकार की नकार, कुणालाच कळेना.

संध्याकाळी रोजचे सगळे आले. कुणी काही मागवलं नाही. परराष्ट्र धोरण बंद होतं. बंडूभाऊ त्यांच्यात बसून राहिले आणि रोशनीनं सगळ्यांना चहा दिला. मी तिला म्हटलं, फार धीर केलास. "धीर कसला," ती म्हणाली. "रडूनच आली नं मी आता मागं जाऊन."

पुण्यात परतून आता महिना होईल. इथं आमच्या सोसायटीखालीच एक चकचकीत पब आहे, 'कम्युनिटी' हा शब्द त्याच्या पाटीवरच लिहिलाय. टेबल आधी बुक करावं लागतं आणि नुसतं बसू देत नाहीत. परवा तिथं एकटा बसलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या चौघांची नावंही मला कळली नाहीत. ब्रह्मपुरीत तीन दिवसांत मला गणेशभाऊंच्या गुडघ्याची सगळी हकीकत पाठ झाली होती.

काल प्रशांतचा फोन आला. यशोदाबाईंनी होकार कळवलाय. लग्न वडशाला, त्यांच्याच दारात. बारच्या समस्त मंडळींना मानाचं आमंत्रण आहे, पण पाहुणे म्हणून नाही. पंगतीला वाढायचं काम त्यांच्याकडे, आणि बाई स्वतः दाराशी उभ्या राहून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेणार आहेत.

गुरुजींनी वरणाची बादली मागितली म्हणे.