नवऱ्याची ओटी भरणाऱ्या अक्का

डॉ. कुसुमताईंची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्कांची, आणि माझी पहिली भेट एका म्हशीच्या शेपटीपाशी झाली. पशुवैद्यकाची नवी कोरी पदवी घेऊन, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून मी धुळ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात नोकरी मागायला गेले होते. अक्का मागच्या अंगणात एका अडलेल्या म्हशीशी झटत होत्या. माझ्याकडे न वळताच त्या म्हणाल्या, "फाईल ठेव, शेपटी धर." मी धरली. रेडकू बाहेर आलं, म्हैस त्याला चाटू लागली, आणि मग अक्कांनी माझी मुलाखत घेतली. मुलाखत म्हणजे काय, तर मला कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले आणि नखं तपासली. नखं पास झाली. पदवीचं त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

बाई डॉक्टर बैल तपासायला आली की गाव हसायला गोळा व्हायचं, त्या काळात अक्कांनी साक्री, शिरपूरपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत सरकारी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर स्वतःचा दवाखाना थाटला. त्यांच्या या कामाबद्दल या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते एका मांजरीबद्दल.

आमच्या घरी भुरी नावाची मांजर होती. लग्नानंतर मी पहिल्यांदा गरोदर राहिले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासण्या करून सांगितलं, कधी कधी असं होतं, यात कोणाचा दोष नाही. पण घराला दोष द्यायला कोणीतरी हवं असतं, आणि भुरी ओट्यावर ऊन खात आयती बसलेली होती. "मांजरना केस पोटमा गयात," सासूबाईंनी निकाल दिला. त्या दुष्ट नव्हत्या. माझ्याइतक्याच त्याही रडल्या होत्या.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्यांनी वाट पाहिली नाही. मी दवाखान्यात असताना भुरीला पोत्यात घातलं आणि सोनगीरजवळच्या आमच्या मळ्यात सोडून दिलं. मी समजावू लागले तर म्हणाल्या, "तू ढोरस्नी डॉक्टर शे, बाईस्नी नई." सुनेची पदवी घरात भिंतीवर टांगण्यापुरती असते, हे मला तेव्हा कळलं. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. ते आईचंही खरं म्हणत आणि माझंही. मला भुरीसाठी रडू येत होतं, आणि खरं सांगते, मनातून मीही घाबरले होते. हेही मूल गेलं तर, हा एकच विचार दिवसरात्र डोक्यात होता.

मी अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सासूला सांग, मला भरीत खायचं आहे."

हिवाळ्याचे दिवस होते. मळ्यात भरिताचा बेत ठरला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या झाल्या, पाहुणे मांडी घालून बसले. भरिताबरोबर कांद्याची कच्ची पात हवीच. सासूबाई स्वतः वाफ्यात गेल्या, पात उपटली, माती झटकली, पदरानं पुसली आणि पहिली जुडी माया म्हणून माझ्या ताटात ठेवली. तेवढ्यात भुरी आली. रोडावली होती, तोंडात उंदराचं पिल्लू. ते तिनं बांधावर बसून संपवलं, त्याच वाफ्यात पायांनी खड्डा केला, आपला कार्यभाग उरकला, माती ओढली आणि शेपटी वर करून निघून गेली. सगळ्यांनी पाहिलं. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

अक्कांनी मात्र माझं ताट उचललं.

"वहिनी, मांजर पोतामा भरी दिधी, आन तिनी माती वहूना ताटमा वाढी?"

सासूबाईंच्या हातातली पुरी हातातच राहिली. मग अक्कांनी सगळं समजावून सांगितलं, आवाज न चढवता. मांजरीचे केस पोटात जात नाहीत, तिला कुरवाळल्यानं गर्भाला काही होत नाही. धोका असतो तो तिच्या विष्ठेतून येणाऱ्या एका जंतूचा, आणि तोही प्रत्येक मांजरीत नसतो. ताज्या विष्ठेत तो लागण करण्याजोगा नसतो, त्याला पिकायला एखादा दिवस तरी लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची. मातीत मात्र तो महिनोन् महिने टिकतो, आणि माणसाच्या तोंडात जातो तो न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातांतून, नाहीतर कच्च्या राहिलेल्या मटणातून. "घरात दूध-भाकरी खाणारी मांजर तुम्ही उंदरांवर सोडली. उंदरातूनच तिला हा जंतू लागतो. म्हणजे नसलेला धोका तुम्ही तयार केलात."

सासूबाईंचा चेहरा उतरला. चार पाहुण्यांसमोर झालेली फजिती कोणाला आवडते? पण अक्का बोलून थांबल्या नाहीत. ती जुडी घेऊन बोअरच्या नळीशी गेल्या, सासूबाईंना शेजारी बसवलं, आणि दोघींनी मिळून वाहत्या पाण्यात एकेक पात चोळून धुतली. मग सासूबाईंच्याच ताटात जेवायला बसल्या आणि म्हणाल्या की असं भरीत अख्ख्या जिल्ह्यात होत नाही. अक्कांची जीभ धारदार आहे, पण ती जखम उघडी टाकून जात नाही.

"आनि काही व्हयनं ते?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"त्याची हमी मी देत नाही," अक्का म्हणाल्या. "झालंच काही, तर ते मांजरीपायी होणार नाही, एवढं आपल्या हातात आहे. पोटाचं डॉक्टरबाईंना विचारायचं, रक्ताची तपासणी त्या सांगतील तशी. मी मांजरीची डॉक्टर."

आपली हद्द इतक्या स्पष्टपणे सांगणारा डॉक्टर मी दुसरा पाहिलेला नाही.

भुरी लगेच घरी आली नाही. उंदीर खाल्लेत म्हणून अक्कांनी तिला काही आठवडे दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं, तिची घाण स्वतः काढली आणि त्या खोलीत मला पाऊल ठेवू दिलं नाही. शेळ्या-मेंढ्यांची बाळंतपणंही माझ्याकडून काढून घेतली, कारण त्यांच्या वारेतून गरोदर बाईला भलतेसलते आजार होऊ शकतात. मी चिडले. म्हटलं, मी काय काचेची बाहुली आहे का? "नाहीस. पण हट्टी आहेस," अक्का म्हणाल्या आणि कंपाउंडरच्या मोटरसायकलवर मागे बसून साक्रीकडे एका शेळीसाठी निघून गेल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही कुरकुरत होतेच.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. अंगण बायकांनी भरलं होतं. माझी ओटी भरून झाली, तशा अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "पोराले बोलावा." आमचे हे बिचकत आत आले. "पाटावर बस." बसले. "उपरणं पसर." पसरलं. अक्कांनी त्यांच्या ओटीत नारळ ठेवला आणि पाठोपाठ रबरी हातमोजे, लांब दांड्याचं खोरं आणि साबणाची वडी.

"पोट तिनं, हात याना," अक्कांनी वाटणी जाहीर केली.

बायका इतक्या हसल्या की पंचारतीतला दिवा विझला. सर्वांत मोठ्यानं हसल्या त्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी भुरी घरी आली, आणि त्या सकाळपासून शाळेत जाण्याआधी रोज तिच्या घाणीचं मातीचं घमेलं साफ करणं हे विज्ञानशिक्षकांचं काम झालं. मित्रांनी त्यांना "मांजरीचा चपराशी" म्हटलं. त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. भुरी घरात राहिली, शिजवलेलंच खात राहिली. सासूबाई कोथिंबिरीची काडीसुद्धा इतक्या वेळा धुवायच्या की तिचा वास उडून जायचा.

मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, आणि आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणी जाग्या झाल्या. सासूबाई अक्कांच्या पाया पडायला वाकल्या, तर अक्कांनी त्यांचे खांदे धरले. "मी काय केलं? हात धुवायला लावले." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मनी वहूनं भेव धुई काढं." सुनेची भीती अक्कांनी धुऊन काढली, हे सासूबाईंच्या तोंडून मी खाटेवर पडून ऐकत होते, आणि मला रडू आवरलं नाही.

ही बातमी धुळ्यातून चाळीसगावपर्यंत गेली. गरोदर सुना, त्यांच्या सासवा आणि मुख्य म्हणजे त्यांचे नवरे दवाखान्यात येऊ लागले. शिवणकाम करणारे युसूफभाई आले, त्यांच्या घरी मांजर लाडाची होती, तिला बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. अक्कांनी एवढंच विचारलं, "खायला काय देता?" कच्च्या मटणाचे तुकडे, असं कळल्यावर ते उकडून द्यायला लावले, आणि युसूफभाईंच्या हातातही मोजे दिले. ते म्हणाले, "अक्का, यह तो मेरे नाप के निकले!" आता आमच्या भागात डोहाळजेवणाला नवऱ्याला पाटावर बसवायची रीतच पडली आहे. ज्या घरात मांजर नाही तिथेही बसवतात, निदान भाजी धुवायला तरी.

अक्का, मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही म्हणाल की मूल तुझं, कष्ट तुझे, माझा यात काय संबंध? संबंध आहे. एक मूल गमावलेल्या बाईला दुसऱ्या वेळी दर दुखण्याला, दर कळेला मरण दिसतं. ते मरण तुम्ही माझ्या घरातून हाकललं, आणि ज्या मुक्या जिवावर त्याचं खापर फुटणार होतं त्यालाही वाचवलं. माझी लेक आता दहा वर्षांची आहे. आपण गुरांची डॉक्टर होणार आणि काम अक्काआजीच्याच हाताखाली शिकणार, असं तिनं घरात सांगून टाकलंय, आणि तिच्या आईचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरला आहे. तेव्हा पंच्याहत्तरीला थकल्याची भाषा तुम्हाला परवडणारी नाही. ती पदवी घेऊन दारात उभी राहील तेव्हा तुमचे डोळे आणि तुमची जीभ आजच्यासारखीच ठणठणीत असोत, आणि गुडघे कुरकुरले तरी चालते असोत. तिची नखं तुम्हीच तपासायची आहेत.