पहिल्या पंगतीतली पांढरी वाईन

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. दर रविवारी त्या वेळेला दाजींचा फोन यायचा. पुढच्या पायाचं घ्या, नळ्या मागून घ्या, अशा सूचना द्यायला. संदीपचं नाव बघून वाटलं, आज हे काम त्यांनी पोराकडं सोपवलेलं दिसतंय. "मामा, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला... झोपेतच गेले होते. मागचा माणूस मला पुढं सरकायला सांगत होता आणि रांगेतून बाहेर कसं पडायचं तेच मला सुचत नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभी हयात काढली. लोखंड ओतून तयार झालेलं कास्टिंग तपासून पास-नापास करणं हे त्यांचं काम, आणि ती खोड घरीही सुटली नाही. भजी असोत की मेहुणा, उलटसुलट करून बघितल्याशिवाय दाजी पास करत नसत. मला पास करायला त्यांनी बरीच वर्षं घेतली, आणि केल्यावरही हाक शेवटपर्यंत 'पावणं' अशीच मारली.

वाईन त्यांच्या आयुष्यात आली ती निवृत्तीच्या सुमारास. कंपनीच्या कामाला नाशिकला गेले होते, तिथं कुणीतरी द्राक्षमळा दाखवायला नेलं. येताना दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची, सगळ्यात स्वस्त पांढरी वाईन घेऊन आले. शेनिन ब्लां असं तिचं नाव. दाजी तिला नुसतं 'शेनीन' म्हणायचे, एखाद्या भाचीला हाक मारावी तसं. पुढच्या रविवारी आम्हा चारपाच जणांना त्यांनी गच्चीवर बोलावलं. आम्ही कोल्हापूरकर, ग्लास हातात आला की नजर सोडा शोधणार. कुणी सोडा ओतला, कुणी लिंबू पिळलं, मी खारे शेंगदाणे तोंडात टाकून एका दमात ग्लास रिकामा केला आणि यापेक्षा सरबत बरं, असा शेरा मारला. दाजी रागावले नाहीत. खाली जेवायला बसल्यावर त्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. आधी तांबडा रस्सा. तिखटानं वाईन कडू झाली आणि वाईननं तिखट आणखी भडकलं. ती जोडी त्यांनी जागच्या जागी नापास केली. मग पांढऱ्या रश्शाची वाटी पुढं ओढली...

नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाचा अर्क आणि मागून येणारी मिऱ्याची चुणचुण. त्यावर गार शेनीनचा एक घोट. दाजी डोळे मिटून बसले होते. मग आम्हालाही त्यांनी तसंच करायला लावलं, सोड्याशिवाय. खोटं कशाला बोलू, मघाशी जिला नावं ठेवली तिलाच आता पिकल्या पेरूचा वास येत होता. रश्शाचा तुपकटपणा ती हलकेच पुसून नेत होती आणि जीभ पुढच्या भुरक्याला मोकळी होत होती. दाजींचा चेहरा असा उजळला होता, की जणू ती वाईन त्यांनीच ओतून घडवली होती.

खरी गोष्ट इथून पुढची. त्या घरात पुरुषांची पंगत आधी उठायची आणि बायका मागून स्वयंपाकघरात जेवायच्या. आनंदाच्या भरात दाजी ग्लास घेऊन आत गेले आणि अक्काला म्हणाले, तुझ्या रश्शाबरोबर घेऊन बघ. अक्का आणि तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो, नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. अक्कानं भीत भीत घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. जमत नाही म्हणाली, नुसतं आंबट लागतं. तपासणारा माणूस तो; त्यानं तिच्याच वाटीतला रस्सा चाखला. पाहुण्यांना गरम वाढायचा म्हणून तो पुन्हा पुन्हा उकळला होता. नारळाचं दूध फुटलेलं, वर तेल, खाली चोथा, आटून खारट झालेला.

"आम्ही खाल्ला त्यो ह्यो रस्सा न्हाय," दाजी म्हणाले.

"आमच्या वाटणीला असलाच येतोय की," अक्का म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज.

जिच्या पांढऱ्या रश्शासाठी शिरोळपासून मलकापूरपर्यंतचे पाहुणे निमित्तं काढून यायचे, तिनं लग्नानंतर तो धड कधी खाल्लाच नव्हता. इतक्या वर्षांत हे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं. दाजींना एका चमच्यात दिसलं... आणि दिसल्यावर ते गप्प बसले नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढच्या रविवारी पहिल्या पंगतीत अक्काचं ताट मांडलं होतं. आत्याबाई कडाडल्या. सून पुरुषांच्या पंगतीत बसणार, वर वाईन पिणार, मग घराण्याचं राहिलं काय? दाजी आईपुढं आवाज चढवत नसत. वाईन नको तर नको, पण जेवण इथंच, एवढ्यावर ते अडून बसले. "आई, जिनं केलाय तिच्याच जिभेला न्हाय लागला, तर रस्सा जमलाय का न्हाय ह्ये मला सांगणार कोण?" त्या दिवशी आत्याबाई पाठ फिरवून स्वयंपाकघरात एकट्या जेवल्या, आणि पुढंही कायम तिथंच जेवत राहिल्या.

अक्का पहिल्यांदा मान खाली घालून जेवली. हळूहळू मान वर आली, आणि मग वाईनचा ग्लासही तिच्या ताटाशेजारी आला. दोन घोटांच्या वर ती कधी गेली नाही, पण निकाल तिचाच चालायचा. भरल्या वांग्याबरोबर शेनीन नापास, नदीच्या तळलेल्या माशाबरोबर पास, लोणी घातलेल्या थालीपिठाबरोबर काठावर पास. पांढऱ्या रश्शात मिरं किती असलं म्हणजे वाईन रुसत नाही, हेही तिनंच शोधलं. ती बोलायची आणि दाजी मान डोलवायचे. जन्मभर दुसऱ्याचं काम नापास करत आलेल्या माणसानं असं ऐकून घेणं सोपं नसतं.

दाजी गेल्यावर सव्वा महिन्यानं घरात पुन्हा मटण शिजलं. संदीपनं बाटली गार करून ठेवली होती. ताटं मांडली, तशी अक्का पदर खोचून वाढायला उभी राहिली. बस म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही जेवा. माझं मागनं बघू." दाजींनी मिळवून दिलेली जागा ती एका वाक्यात सोडून देत होती आणि तिला हाताला धरून बसवणारा माणूस आता नव्हता. तेवढ्यात आत्याबाई भिंत धरत बाहेर आल्या. त्या पंगतीत जन्मात कधी न बसलेली बाई दाजींच्या मोकळ्या पाटावर येऊन टेकली आणि सुनेकडं न बघताच म्हणाली, "मी बसतो. तू बी बस. रस्सा फुटायच्या आत जेव."

अक्का बसली. संदीपनं तिच्या ग्लासात दोन घोट शेनीन ओतली. रडत रडत जेवली, पण गरम जेवली.