आगबोटीचा ओला रंग

आज ओटीच्या दाराला हिरवा रंग लावला आणि अळशीच्या तेलाच्या वासानं मला वीस वर्षं मागे, ठाण्याच्या बंदरावर नेलं. वसईला जाणारी आगबोट दुरुस्त होऊन पाण्यात उतरली होती. नवी बाकं, डोक्यावर नवं कापडी छत, आणि रंग अजून पुरता वाळलेला नाही. बायको नवी, बोट नवी. दोन्ही मिरवण्याच्या हौसेनं मी पहिल्याच फेरीला तिला माहेरी घेऊन निघालो. समोर आमच्या कचेरीचे शिरस्तेदार बसलेले.

कोलशेत मागे पडलं तशी रंगाच्या वासानं ती पांढरीफटक झाली. "अहो, जरा धरा मला," म्हणाली, आणि बाकावरच ओकली.

"अगं, नवा रंग!" मी ओरडलो, आणि शिरस्तेदारांना दिसेल अशा बेतानं उपरण्यानं बाक पुसू लागलो. इतकं मन लावून मी कचेरीतही कधी काम केलं नाही! बायकोला धरलं ते मागच्या एका कोळणीनं. "ये गो बाय," ती म्हणाली, "तुझे घोवाला बाकच लाडका!" सारी बोट हसली. मीही हसलो.

मघाशी त्याच वासानं बायकोला भोवळ आली. मी धावत हात पुढे केला.

"राहू द्या," भिंतीला धरत ती म्हणाली. "तुम्ही दार सांभाळा, रंग ओला आहे."