रावेर ते धुळे, नातीच्या तलवारीसोबत

सगळ्यात आधी आली ती मागच्या गल्लीतली शकू. साखर मागायला आले म्हणाली, पण हातात वाटीच नाही. नजर सगळी ओट्यावरच्या लांबड्या पिशवीकडे.

"काय व काकू, चारू तलवार घेऊन धुळ्याला चालली म्हणे?"

"एकटी नाही. मी पण चालले."

शकू मटकन खालीच बसली. "तुम्ही? या वयात? तलवार?"

"अगं, बघायला चालले! घरचं कोणीतरी नको का बघायला?"

तेवढ्यात अजून दोघी आल्या. त्यांना तर साखरसुद्धा नको होती. एकीनं विचारलं, लग्नाच्या पोरीला तलवार कशाला? दुसरी म्हणाली, लग्न व्हायचं म्हणूनच शिकत असेल! हसून हसून चहा उतू गेला, आणि आमची सकाळची पहिली बस चुकली ती चुकलीच.

आता नीट सांगते. चारू माझी नात, जळगावला कॉलेजात शिकते. तिथं एकदा इम्रान नावाचा पोरगा खेळ दाखवायला आला होता. धुळ्याचाच आहे. जर्मनीत नोकरीला होता, तिथं ही तलवार शिकला, आणि परत आल्यावर इकडच्या पोरापोरींना शिकवतो. जर्मनीत कैक शे वर्षांपूर्वी जशी लांब तलवार दोन्ही हातांनी चालवत, तशी. चारूची तलवार नायलॉनची आहे. धार नाही, पण लांबी म्हणाल तर माझ्या काखेपर्यंत येते.

आता धुळ्यात दोन दिवसांचं शिबिर होतं आणि पुढं दर महिन्याला वर्ग. फी चारूनं शिकवण्या घेऊन जमवली. पण तिचा बाप, म्हणजे माझा सुनील, घोड्यासारखा अडला. डोळा गेला तर? लोक काय म्हणतील? शेवटी मला म्हणाला, "आई, तू जाऊन बघ. तुला बरं वाटलं तर शिकू दे. नाही वाटलं, तर ती पिशवी माळ्यावर, परत नाव नाही काढायचं."

म्हणजे निकाल माझ्या गळ्यात. चारूनं त्या दिवसापासून माझे पाय चेपायला सुरुवात केली. मीही चेपून घेतले.

(माझी मनुदेवीची सहल ज्यांनी वाचली त्यांना माहीत आहे, मी चौथी शिकलेली. फोनसमोर बोलते, तो अक्षरं उमटवतो, नात चुका काढते. या वेळी गोष्ट तिचीच आहे, म्हणून तिला फक्त ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू दिलाय.)

रावेरहून जळगावला एसटीनं दोन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला जड नाही. सावदा-फैजपूरपर्यंत दोन्ही बाजूंनी केळीच केळी, आणि पुढं केळीचा ट्रक लागला की बस बैलगाडीच्या चालीनं जाते. घाई असेल तर रेल्वेनं जा. पण थंडीच्या दिवसात खिडकीशी बसून केळीच्या बागा बघायच्या तर एसटीच बरी. कंडक्टरनं पिशवी चाचपली.

"आजी, हा काय ऊस?"

"तलवार."

"बरं. मग दारात नका ठेवू, कोणाच्या पायात येईल." आणि गेला पुढं तिकिटं फाडत! मला वाटलं होतं, दचकेल तरी.

जळगावच्या नव्या स्टँडवर पोहे खाल्ले. चारू म्हणाली, चल आजी, धुळ्याची गाडी लागली. नाहीतर मी सोन्याची दुकानं बघायला गेलेच असते. घ्यायचं काही नसतं हो, पण नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. जळगावात एखादा तास हाताशी असेल तर तुम्ही जरूर बघा.

जळगाव-धुळे रस्ता आता चांगला रुंद झालाय. पाळधी, एरंडोल, पारोळा, मग धुळे. पारोळ्याला एक म्हातारी चढली आणि माझ्याच शेजारी टेकली. तिकडची बोली आमच्या रावेरहून वेगळी, कानाला गोड लागते. पिशवीला हात लावून म्हणते, "हाई काय शे वं माय?"

मी सांगितलं. तिनं चारूकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरी बठ्ठं शिकतस आते," म्हणाली (बठ्ठं म्हणजे सगळं), आणि पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढून आधी चारूच्या हातावर ठेवल्या, मग माझ्या. निकाल तिच्याकडं असता तर पारोळ्यालाच लागला असता.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता सापडायला त्रास नाही. शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून खांबांना लटकत होती आणि त्यांच्याखाली पोरंपोरी जाळीचे मुखवटे, गोधडीसारखे जाड कोट घालून उभी. नवरदेवाच्या खुर्चीवर मला बसवलं. लाल मखमल, सोनेरी दांडे. माझ्या लग्नात आम्ही चटईवर बसलो होतो!

इम्रान लगबगीनं आला, वाकून नमस्कार केला, "अम्मी म्हणाली, आजीला आधी चहा दे." त्याच्याबरोबर क्लारा नावाची बाई. ही जर्मनीतली त्याची गुरू, केस पांढरे, पाठ ताठ. तिला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, पण आम्ही बराच वेळ बोललो. नातवंडांचे फोटो दाखवायला भाषा लागत नाही.

आम्ही पोचल्यावर आधी नुसतं उभं राहायलाच शिकवलं. चार पवित्रे. पहिल्यात तलवार खांद्याशी धरायची, टोक आभाळाकडे. त्याचं नाव त्यांच्यात दिवसावरून आहे, इम्रान म्हणाला. दुसरा बैल. मूठ डोक्याच्या बाजूला आणि टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंग रोखल्यासारखं. तिसरा नांगर, मूठ कमरेशी आणि टोक वर चढतं. चौथ्याचं नाव मूर्ख! त्यात तलवार पुढं खाली सोडून द्यायची, टोक जमिनीकडे. मी म्हटलं, जर्मनीतले लोकही शेतकरीच दिसतात. बैल झाला, नांगर झाला, आणि मूर्ख तर प्रत्येक गावात असतोच.

दुपारनंतर जोड्या लावल्या. चारूसमोर शिरपूरचा एक उंच पोरगा. टक-टक दोन आवाज झाले आणि एकदम चारूनं डावा हात वर केला.

मला वाटलं, पोरगी मदत मागतेय! मी पदर खोचला, खुर्चीवरून उतरले आणि थेट दोघांच्या मध्ये. "अरे, लाज वाटते का? पोरीला मारतोस!"

शिरपूरचा पोरगा मुखवट्यातून म्हणतो, "आजी, मी... मला सरांनीच..."

इम्रान धावत आला. "आजी, ती मदत मागत नाहीये. आमच्यात पद्धत आहे. फटका लागला की ज्याला लागला त्यानंच हात वर करायचा. 'लागला' म्हणायचं. मारणारा सांगत नाही, खाणारा सांगतो."

हॉलभर हसू. क्लाराबाई तर डोळे पुसत होत्या. चारू मात्र हसली नाही. मुखवटा काढून नुसती "आजी!" एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं, ते आज्यांना सांगायला नको.

राहायला स्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळाली. संध्याकाळी शेवभाजी खाल्ली. धुळ्याला गेलात तर ही चुकवू नका, पण 'कमी तिखट' सांगून काही उपयोग नाही, ते ऐकत नाहीत. चारूच्या दंडावर रुपयाएवढा निळा डाग उठला होता. मी हळद लावत होते, ती भिंतीकडं बघत होती. तेवढ्यात सुनीलचा फोन.

"काय मग आई? काय ठरवलं?"

हातात पोरीचा सुजलेला दंड. मी म्हटलं, "उद्या सांगते."

त्या दिवशी पाय चेपले नाहीत तिनं. मी मागितलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाराबाईंनी मला हात धरून उठवलं आणि एक लाकडी तलवार माझ्या हातात दिली. म्हटलं, बाई, काल मी तुमचा खेळ मोडला, आज गुडघे मोडाल का माझे? पण उभी राहिले. नऊवारीत पाय चांगले फाकतात, याचा क्लाराबाईंना फार आनंद झाला. नांगर म्हटल्यावर मी मूठ धरली आणि सवयीनं खाली दाबली, कमरेत वाकून, सगळा भार देऊन. नवऱ्याचं बोट चिरलं होतं तेव्हा एक अख्खं शेत मी नांगरलंय.

इम्रान म्हणाला, "आजी, दाबू नका. यात जमीन नाही फोडायची. टोक वर, त्याच्या छातीकडे."

टोक वर धरलं की माझा हात परत खाली. परत वर, परत खाली. शेवटी क्लाराबाईंनी नाद सोडला आणि मला मूर्खाच्या पवित्र्यात उभं केलं. तो मात्र पहिल्या झटक्यात जमला!

"याला मूर्ख का म्हणतात?" मी विचारलं.

"समोरच्याला वाटतं, हा उघडा पडलाय, याला काही कळत नाही. तो धावून येतो," इम्रान म्हणाला. "आणि आपण त्याचीच वाट बघत असतो."

"अरे, मग हे मी सासूबाईंसमोर वर्षानुवर्षं केलंय!"

इम्राननं ते जर्मनमध्ये सांगितलं. क्लाराबाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पाणी प्यावं लागलं. मी चारूकडं बघितलं. ती हसत होती, कालपासून पहिल्यांदाच.

शेवटी सामने. चारूसमोर परत तोच शिरपूरवाला. तो वाघासारखा येई आणि चारू बैलाचा पवित्रा धरून मागं मागं. एक फटका बसला, दुसरा बसला. दर वेळी हिचा हात वर, "लागला." मग तिनं मान वळवली, माझ्या लाल खुर्चीकडं बघितलं, आणि तलवारीचं टोक सोडलं जमिनीकडे. मूर्ख! पोरगा आला धावत. ही बाजूला सरली, टोक वर उचललं, आणि त्याच्या छातीवर. त्याचा हात वर. परत तसंच. बरोबरी झाली. मी खुर्चीच्या सोनेरी दांड्याचा रंग नखानं खरवडून काढला, मालकानं माफ करावं.

शेवटचा फटका. दोघं एकदमच भिडली, चारूचं टोक त्याच्या खांद्याला लागलेलं सगळ्यांनी बघितलं. पोरापोरींनी टाळ्या सुरू केल्या. इम्राननं चारूच्या बाजूला हात केला.

आणि चारूनं स्वतःचा हात वर केला. "सर, मला आधी लागला. मनगटाला."

कोणालाच दिसलं नव्हतं. त्या पोराला स्वतःलाही कळलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर जिंकली असती. हरली ती. मुखवटा काढला तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा असा, जसा मी तिचा बारशाच्या दिवशी बघितला होता, सगळं जग नवंच असल्यासारखा.

आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना आउट आहे की नाही यावरून दिवस मावळतो. मोठी माणसं तर बांधावरून बोलणं सोडतात, पण चूक माझी असं म्हणत नाहीत. आणि इथं ही.

सुनीलचा फोन आला. म्हटलं, "घरी येऊन सांगते." एवढं तरी त्याला ताटकळू दे.

परतीला बस लागली नाही. क्लाराबाईंना खरा नांगर आणि खरे बैल बघायचे होते. एवढी वर्षं बैल आणि नांगर शिकवला, पण हातात कधी धरला नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग चला की रावेरला. इम्राननं गाडी काढली. घरी फोन केला, सूनबाईनं कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून हिरवी वांगी भाजायला घातली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. क्लाराबाईंनी तिखटानं नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतलं.

ओट्यावर अर्थातच शकू आधीच येऊन बसलेली. आज वाटी आणली होती.

सुनील आधी ताठ होता. पण त्याची एक गोम आहे. गावात सगळ्यांनी बैल विकले, ट्रॅक्टर घेतले, यानं चांद्या-मंगळ्याची जोडी ठेवली. क्लाराबाईंनी चांद्याच्या कपाळाला हात लावला आणि तो शहाण्यासारखा उभा राहिला, तसा सुनील विरघळला. नांगर बाहेर काढून दाखवला, किती दाबायचा, कुठं सोडायचा. मग मला म्हणाला, "आई, सांग आता. काय ठरवलं?"

म्हटलं, "आधी तू उभा राहा. मग सांगते." आणि ती हात वर करण्याची पद्धत त्याला सांगितली.

इम्राननं त्याला कोट घातला, मुखवटा चढवला. शकूनं पदरात तोंड लपवलं. सुनील तलवार घेऊन खांब रोवल्यासारखा उभा. चारूनं टोक खाली सोडलं. तो आला, जसा येणारच होता. टोक त्याच्या खांद्याला हळूच टेकलं.

"कुठं लागला?" सुनील म्हणाला. "नाही लागला."

चारूनं तलवार खाली घेतली आणि बापाकडं बघितलं. गोठ्यात मंगळ्यानं घंटा वाजवली. मग त्या मुखवट्याच्या आत माझ्या लेकानं काय विचार केला देव जाणे, पण त्याचा हात हळूहळू वर गेला.

"लागला," म्हणाला.

मला निकाल सांगावाच लागला नाही.

खांदा अजून दुखतोय माझा, ते सोडलं तर प्रवासानं काही बिघडलं नाही. पिशवी माळ्यावर नाही, दाराच्या मागं टांगलीय. आणि घरात एक नवीनच खूळ शिरलंय. काल आमटीत मीठ जास्त पडलं, कोणी विचारायच्या आधी मी हात वर केला.

त्या दिवशी परत जायला गाडीत बसताना क्लाराबाईंनी इम्रानमार्फत विचारलं, बैलांचा काही सण असतो का? मी तोंड उघडायच्या आत सुनील पुढं झाला. "पोळ्याला या. शिंगं रंगवायला माणूस लागतोच मला."

पोळ्याला येतो म्हणालेत. सकाळीच, बैल धुवायच्या आधी.