आज कोण्या पाण्यावर?

बातमी मला कोणी आणून दिली नाही. मीच तिच्यापर्यंत चालत गेलो, आणि तेव्हा माझ्या खांद्यावर मासा होता. मरळ होती. एवढी लांब, की तिचं शेपूट मागं कासोट्याला लागत होतं. नदीकडून सरळ आलो असतो तर मागच्या आवारातून गुपचूप घरात शिरलो असतो. पण एवढी मरळ काय आवारातून न्यायची असते? मी गावाला वळसा घातला, सडकेनं आलो, पारावरून आलो... चार लोकांनी पाहावं म्हणून. पारावरची माणसं मला पाहून उठून उभी राहिली. मला वाटलं, मरळीसाठी उठली. दामू शिंपी, जो मला पाहिलं की टोमणा मारल्याशिवाय राहत नाही, त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं, "काऊन बे दाम्या, वाचा बसली का तुही?" तो टोपी हातातच धरून माझ्या मागं चालू लागला. त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं. मी आपला छाती काढून पुढं. गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो तर माझ्या दारापुढं बायामाणसं जमलेली, आणि ओट्याला हिरवे बांबू टेकवून ठेवलेले.

मरळ लवकर मरत नाही. बाकीचा मासा पाण्याबाहेर काढला की थोड्या वेळात संपतो, मरळ तासन्‌तास तगते. ती माझ्या खांद्यावर तोंड उघडत-मिटत होती. आत माझी बुढी, माझी बायको, निजवून ठेवली होती. दामूनं मागून येऊन माझ्या खांद्यावरची मरळ उतरवून घेतली. तिचं त्यानं काय केलं, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. खामगावच्या जिनात सरकी-रुई उचलण्यात जवानी गेली, मग गावी येऊन वांगी-मिरच्या लावल्या. लिहिण्याशी माझा संबंध नाही. पण आमच्या शाळेचे गुरुजी या पेपरच्या रविवारच्या पानाला लिहितात. पोळ्याच्या आधी ते मला म्हणाले होते, "बाबा, मोठी मरळ कशी धरावी ते एकदा लिहून द्या. लोक आवडीनं वाचतील." मी हो म्हटलं होतं, छाती फुगवून. ती नसताना आता ते लिहायला बसलो, तर दर दोन ओळींनी तीच मधे येऊन राहिली. म्हणून दोन्ही एकात लिहितो. गुरुजींनी वाटलं तर खोडावं.

मोठी मरळ धरायची तर आधी आपली सावली सांभाळावी. सूर्य समोर घेऊन बसावं, सावली मागं पडली पाहिजे. तंबाखू मळलेल्या हातानं गळाला हात लावू नये, माती चोळून हात धुवावे. काठी आपल्या सातपुड्यातल्या भरीव बांबूची घ्यावी. पूर्वी आम्ही अंबाडीचा दोर वळत होतो, तो मोठ्या मरळीला पुरत नसे. महाराष्ट्र झाल्यावर एक-दोन वर्षांत खामगावच्या बाजारात नायलॉनचा दोरा मिळू लागला, तेव्हापासून तुटलेल्या दोराचं दुःख गेलं. तलावात गवत-शेवाळ असतं, तिथं जिवंत बेडूक लावावा. गळ मांडीच्या कातड्यातून घालावा म्हणजे तो पोहत राहतो. नदीच्या डोहात बेडूक चालत नाही, तिथं फडक्यानं बारीक मासोळी धरावी आणि तीच लावावी. मरळीनं घेतलं की लगेच झटका देऊ नये. नवा माणूस इथंच चुकतो. तिला घेऊन जाऊ द्यावं, थांबू द्यावं, गिळू द्यावं... आणि मग ओढावं.

पावसाळ्यात पाण्यावर लाल-लाल पिल्लांचा घोळका फिरताना दिसतो. त्याच्या खाली त्यांची माय असते. तिला भूक नसली तरी ती गळावर तुटून पडते, कारण तिला वाटतं पिल्लांवर कोणी चालून आलं. सगळ्यात मोठी मरळ सगळ्यात सोपी तिथंच मिळते. माझी बुढी ती शिजवत नसे. मी मासा आणून टाकला की राख लावून तो धरायची, उलटासुलटा करून पाहायची आणि विचारायची, "पिल्लावरची तं नाई?" मी नाही म्हणायचो. ती माझ्या तोंडाकडं पाहायची, आणि तोंडावरून तिला कळायचं. मग विळा बाजूला ठेवून द्यायची. "तुमीच कापा अन् तुमीच खा. मी त्या लेकरायले काय तोंड दाखवू?" म्हणायची. मी म्हणायचो, बह्याड झाली बाई, मरळीच्या लेकराला काय तोंड दाखवते. पण सांगतो, दोनदा असं झाल्यावर मी पिल्लावरची मरळ धरणं सोडलं. चांगलेपणानं नव्हे. भाकरीसंगं खायला कालवण मिळत नव्हतं म्हणून.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात मासे धरायला निघालेल्या माणसाला कुठं चालला ते विचारत नाहीत. विचारलं की हटकलं, आणि हटकलं की हात रिकामे. तसं तर कोणत्याही कामाला निघालेल्याला विचारू नये म्हणतात, पण गळवाल्याचं फार कडक. आमचं लग्न नवं होतं. मी काठी घेऊन निघालो, ती दारात उभी होती, पंधरा-सोळाची पोर, तिच्या माहेरी कोणी मासे धरत नव्हतं. तिनं सहज विचारलं, "कोठी चाल्ले?" त्या दिवशी एक चिंगळीसुद्धा लागली नाही. परत आलो आणि शेजारपाजारच्या देखत तिला बोललो. काय बोललो ते इथं लिहायसारखं नाही. तेव्हापासून ती दारात यायची, चौकटीला हात लावून उभी राहायची, आणि काही विचारायची नाही. मासे धरायला जाताना नाही, बाजाराला जाताना नाही, कधीच नाही. एकदा मी जिनातल्या दोस्ताकडं खामगावला दोन रात्री राहिलो. आलो तर ती उपाशी. मी म्हटलं, "काऊन जेवली नाईस?" म्हणाली, "तुमी कोण्या गावाले गेले तेच ठाव नोयतं. कोनाच्या भरोशावर जेवू?" मी हसलो त्यावर. पारावर जाऊन सांगितलंसुद्धा, की आमची बायको कशी शिस्तीत आहे. लोकही हसले.

पण बाई अशी हुशार, की न विचारता काढायची. मी बेडकांचा डबा घेतला की तलाव, म्हणजे पाळीची, बांधावरची लांब वाट. डबा खुंटीवर राहिला की नदी. आमची सून कमल स्वयंपाकाला लागली की तिला हळूच सांगायची, "आज तलाव हाये बाई. पाळीवरून येईपर्यंत ऊन होईन. कांदे उशिरा भाज." मला ऐकू यायचं. मी न ऐकल्यासारखं करायचो, पण मनात बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

दामू शिंप्यालाही हा डबा कळला होता. ओट्यावर मशिनीपुढं बसल्या-बसल्या माझ्या हाताकडं पाहायचा आणि मी गेल्यावर थोड्या वेळानं आपली काठी घेऊन मागं यायचा. हटकू नये म्हणून तोंडानं विचारायचा नाही, पण मी परत येताना दात काढायचा, "काय भाऊ, वडाखालची जागा बरी हाये, मी उद्या तठीच बसतो." आता जागा हे गळवाल्याचं धन असतं. बाकी सगळं सांगावं, जागा सांगू नये, असं मी पंचवीस जणांना शिकवलेलं. म्हणून मी या सालच्या पावसाळ्यात एक युक्ती काढली. नदीवर जायचं असलं की मुद्दाम डबा हातात घेऊन, दाम्याच्या ओट्यापुढून निघायचं. नाल्याच्या पुढं गेलं की बेडूक सोडून द्यायचे, आणि तुरीच्या वावरातून नदीला वळायचं. दाम्या तलावावर जाऊन कोरडा परत यायचा. तीन-चारदा फसला. मला त्याची फार गंमत वाटली. युक्ती दाम्यासाठी होती. घरात सांगून ठेवावं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या घरात कोणी विचारतच नाही, त्या घरात सांगायची सवय कशी लागणार...

त्या दिवशी तिला बरं नव्हतं. अंगात कणकण होती, चार-पाच दिवसांपासून होती. बाजेवर पडली होती. मी डबा उचलला तशी उठून बसली. दारापर्यंत आली नाही, बाजेवरूनच म्हणाली, "तलावाले पाणी लय हाये औंदा. पाळीवर घसरते. जपून." मी म्हटलं, "हूं." तेवढंच. नदीवर चाललो, हे दोन शब्द होते. दोन शब्दांनी कोणती मरळ पळून जाणार होती? बाहेर दाम्या बसला होता, त्याला ऐकू गेलं असतं, बस. म्हणून मी "हूं" म्हटलं आणि निघालो.

पुढचं मला कमलनं सांगितलं, आणि शेजारच्या सदाशिवनं सांगितलं. दोघांनाही मी खोदून-खोदून विचारलं, तेव्हा. दुपार कलत असताना तिच्या छातीत कळ निघाली. डॉक्टरला आणलं, त्यानं सुई दिली आणि म्हणाला, घरधन्याला बोलवा. कमलनं विचारलं, "आत्याबाई, मामाजी कोठी गेले असतीन?" ती म्हणाली, "तलावावर. डबा नेला." अशी खात्रीनं म्हणाली, की कोणी दुसरीकडं जायचा विचारच केला नाही. सदाशिव सायकल घेऊन तलावावर गेला. पाळीवरून हाका मारल्या. मी नव्हतो. परत येऊन सांगितलं तर ती त्याच्यावर चिडली. म्हणाली, "तू पाळीवरूनच आलास का बाप्पा? ते पल्याड वडाखाली बसतात. तठी हाक जात नाई. चिखल हाये, सायकल ठिव अन् पायी जाय." सदाशिव पुन्हा गेला. तो चिखलातून वडापर्यंत पोहोचायच्या आत ती इकडं गेली.

म्हणजे माझ्या बायकोचे शेवटचे शब्द, मी कुठं बसतो याच्यावर होते. आणि ते चूक होते. इतकी वर्षं तिनं न विचारता माझं ठिकाण बरोबर काढलं, आणि शेवटच्या दिवशी मी तिला सगळ्यांच्या देखत खोटी पाडली. सदाशिव म्हणतो, "बाबा, तुमी नदीवर हाये हे ठाव असतं तं मी अर्ध्या घंट्यात आणलं असतं." तो बिचारा सरळ मनानं म्हणतो. त्या वेळी मी डोहात गळ टाकून बसलो होतो आणि दाम्याला कसं फसवलं म्हणून एकटाच हसून राहिलो होतो. त्याच वेळी ती मोठी मरळ लागली. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी. घाई केली नाही. घेऊन जाऊ दिलं, थांबू दिलं, गिळू दिलं.

गावात मला कोणी काही बोललं नाही. दहावा झाला, तेरवी झाली, लोक येऊन बसले, भरल्या घरातून सवाशीण गेली म्हणाले, भाग्याची म्हणाले. मी खाली पाहत होतो. भाग्याची म्हणाले की मला पारावरची ती माणसं उभी राहिलेली दिसतात, आणि त्यांच्या मधून मासा घेऊन चाललेला मी दिसतो. त्यांच्यातल्या एकानं जरी शिवी दिली असती तर मी अजून पारावर जाऊन बसलो असतो. आता दुसऱ्या गल्लीनं जातो.

परवा पहिल्यांदा काठी काढली. मासे खायची इच्छा नव्हती. घरात बसवेना म्हणून. कमल भाकरी थापत होती, ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. काही विचारलं नाही. हे तिला कोणी शिकवलं असेल ते मला सांगायला नको. मी तिथंच थांबलो. मग मोठ्यानंच म्हटलं, "कमल, मी नदीवर चाललो. मोठ्या डोहावर, उंबराच्या खाली, खडकाले पाठ लावून बसतो. दिवस बुडायच्या आत येतो."

ती घाबरली. हळू म्हणाली, "मामाजी, जरा हळू बोला ना. दामूकाका ओट्यावरच हायेत. आइकतीन."

"आइकू दे," मी म्हटलं.

दामूची मशीन थांबली. तो मान वर न करता म्हणाला, "मी हटकलं नाई बरं भाऊ. तुमीच सांगतलं."

"हाव बे. म्याच सांगतलं. तुले यायचं तं ये."

तो आला नाही. मी डोहावर गेलो, सांगितलं होतं तिथंच बसलो, खडकाला पाठ लावून. मासोळी लावली, गळ टाकला. नंतर कळलं की दोरा बराच वेळ ताणला जाऊन सैल झाला होता, आणि मासोळी कोणीतरी खाऊन गेलं होतं. माझं पाण्याकडं लक्षच नव्हतं. घरून कोणी बोलवायला येतं का, म्हणून मी तुरीच्या वावरातल्या वाटेकडं पाहत बसलो होतो.