चोपण टाळलेली बाजरी

सांख्यिकीच्या नोकरीत मी नवा होतो. औरंगपुऱ्यातल्या कचेरीतून मला देवगाव रंगारीला बाजरीच्या पीक कापणीसाठी पाठवलं. शेतं चिठ्ठ्या टाकून ठरलेली. यादृच्छिक आकड्यांच्या छापील तक्त्यातले दोन आकडे घ्यायचे, नैऋत्य कोपऱ्यापासून तितकी पावलं लांबीत आणि रुंदीत चालायची, जिथं थांबू तिथंच दोरीचा चौकोन आखून कापायचं. अशा आठ चौकोनांच्या वजनावरून गावाच्या पिकाचा अंदाज निघे.

पहिल्याच शेतात पावलं संपली ती चोपण, म्हणजे खारवट, चिकट जमिनीत. बाजरी गुडघ्याएवढी, कणसं विरळ. बांधावर उभी असलेली शेताची मालकीण गालात हसतेय असं मला वाटलं. पीक कमी दिसलं की गावाला शेतसाऱ्यात सवलत मिळते, हे मला ठाऊक होतं. सोबत आलेल्या तलाठ्यानं भलताच कोपरा दाखवला असणार.

"नैऋत्य हाच ना?"

"व्हय की. ऊन बघा ना, साहेब," तलाठी म्हणाला.

मी दहा पावलं सरकून मध्यम पिकात दोरी बांधली.

"तिथं का वं? आकडा तर इथला निघाला," बाई म्हणाली.

"मला कळतं," मी म्हणालो.

पुढच्या सात शेतांतही तेच केलं. चोपण टाळलं, मेंढरं बसवून त्यांच्या खतावर जोमानं आलेलं पीकही टाळलं.

कचेरीत साहेबांनी माझा वजनांचा तक्ता बराच वेळ पाहिला. "आठही वजनं जवळजवळ सारखी? एकही फार कमी नाही, एकही फार जास्त नाही. शेतात गेला होतास, की हॉटेलात बसून लिहिलंस?"

त्या आरोपातून सुटण्यासाठी मला खरं सांगावं लागलं.

"मध्यम जागा तूच निवडणार, तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या?" एवढंच ते म्हणाले. आठही आकडे रद्द झाले. तोवर गावातलं पीक कापून झालं होतं, पुन्हा मोजायला काही उरलं नव्हतं.

तरी तलाठ्यावरचा संशय जाईना. रविवारी होकायंत्र घेऊन मी स्वतःच त्या शेतात गेलो. कोपरा बरोबर होता.

बाईनं विचारलं, "काय हरवलं का, साहेब?"

मी चूक कबूल केली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आमाला वाटलं, पीक चांगलं दाखवा म्हणून वरूनच हुकूम असंल."

"तसं काही नव्हतं."

"नसंल," ती म्हणाली आणि खुरपं उचलून चालू लागली. तिला ते पटलं नव्हतं.