गुरुवारी चार ते साडेचार

"कंपाउंडरभाऊ, अख्ख्या धुळ्यात माणूस म्हणावा असे तुम्ही एकटे!" दवाखान्याची पायरी चढतानाच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी तिला "जरा बसा" म्हणालो आणि आधी एका म्हातारीला औषध दिलं. तिने हातातली बाटली फरशीवर आपटली.

"बठ्ठा सारखाच शेतस!" सगळे सारखेच, म्हणजे त्यात मीही आलो.

मुलींच्या शाळेत शुद्ध मराठी शिकवणारी ही बाई चिडली की घरच्या खानदेशीवर यायची. आठ दिवसांत मी देवमाणसाचा राक्षस झालो होतो. दोन्हींसाठी मी विशेष काही केलं नव्हतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि माझ्यासारखेच 'नाटकी' म्हणून मोकळे झाला असाल. तिच्यावर उपाय भरपूर झाले होते. आईने भगताकडे नेलं. बाहेरगावच्या एका बड्या डॉक्टरांनी 'हिस्टेरिया' लिहून लग्नाचा सल्ला दिला. ती नवऱ्याचं घर सोडूनच माहेरी आली होती. तेवढं विचारायला त्यांना सवड झाली नसावी.

एकदा ती हातावर चटके घेऊन आली. स्वतःच दिलेले.

"नाटकं आहेत सगळी," आई म्हणाली.

आमचे डॉक्टर बोलायला तुसडे. मलम लावता लावता म्हणाले, "असतील. कातडी मात्र खरी भाजलीय." मग तिला विचारलं, "कशासाठी केलंत?"

"आत कोणीच नाही असं वाटतं. भाजलं की वाटतं, आहे कोणीतरी."

डॉक्टरांनी मलमाची डबी बंद केली. "याचं औषध माझ्या कपाटात नाही. पण दर गुरुवारी चार ते साडेचार मी तुमच्यासाठी बसेन. स्तुती करा, शिव्या द्या, मी बसेन."

ती येत राहिली. दोन्ही गोष्टी करत राहिली.

मग बहिणीच्या आजारपणासाठी डॉक्टरांना अमळनेरला जावं लागलं. "पुढच्या गुरुवारी चारला इथे असेन."

"नका येऊ. मीही नसेन."

ती जीव द्यायचं बोलत होती, हे मलाही कळलं. डॉक्टर तिला म्हणाले, "तसं मनात आलं की इथे यायचं. कंपाउंडर बसतील." आणि मला बजावलं, "समजूत घालू नका. उठूनही जाऊ नका."

त्या आठवड्यात ती तीनदा आली आणि माझ्या सात पिढ्या काढून गेली. मी बसून राहिलो. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही.

गुरुवारी अमळनेरहून येणारी सर्विस मोटार वाटेत पंक्चर झाली. डॉक्टर धुळीने माखून आले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"वीस मिनिटं!" ती किंचाळली.

"चुकलो. तुम्हाला वाट पाहायला लावली."

ती मटकन बाकावर बसली आणि रडू लागली. "चुकलो असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

त्यानंतर ती गरीब गाय झाली, असं समजू नका. बाटल्या फुटतच होत्या. हातावर नवे चटके मात्र हळूहळू दिसेनासे झाले.

चार वर्षांनी तिला जळगावच्या शाळेत नोकरी लागली. आम्ही मोटारीपर्यंत पोहोचवायला गेलो. "तुम्हाला मी नकोच होते!" म्हणून ती आम्हा दोघांवर कडाडली आणि आत जाऊन बसली. मोटार सुटली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसताच लांब धरून ठेवला.

"हात आत घ्या, झाडं लागतील!" डॉक्टर ओरडले.

वळण येईपर्यंत तिने तो आत घेतला नाही.